अवेळी वाजलेली घंटी

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एका रविवारची ही हकीगत आहे. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि सकाळी आठच्या मिस्सेसाठी चर्च गच्च भरले होते. अर्पणविधी आटोपून मी पवित्रीकरणासाठी भाकर हाती घेतली. सारे मंदिर नि:शब्द झाले. नेमक्या त्या क्षणी मधल्या वाटेवरून चार वर्षांचा एक मुलगा धावत आला, वेदीच्या पायऱ्या चढला आणि वेदीसेवकाजवळची घंटी उचलून ती दोन्ही हातांनी खणखण वाजवू लागला. मागच्या बाकांवर हसू फुटले, पुढच्या बाकांवरील ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. त्याची आई धावत आली, त्याला काखोटीला मारून बाहेर घेऊन गेली आणि बराच वेळ पावसाच्या आवाजातूनही त्याच्या किंकाळ्या आत ऐकू येत राहिल्या.

मिस्सेच्या अखेरीस सूचना वाचून झाल्यावर मी म्हणालो, "ज्यांना आपली मुले आवरता येत नाहीत त्यांनी कृपा करून ती घरी ठेवून यावे. हे प्रार्थनामंदिर आहे, खेळाचे मैदान नव्हे." उचलली जीभ लावली टाळ्याला, अशातला तो प्रकार होता. परंतु कित्येकांनी माना डोलावल्या आणि "बरे बोललात, फादर" असे सांगायला दोघेतिघे सॅक्रिस्टीतही आले. पुढचे चार रविवार ती माउली चर्चमध्ये आली नाही. मला त्याची रुखरुख लागली होती असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ती येत नाही हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ध्यानात आले ते एका कागदामुळे. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेला जोडून बालवर्ग आहे आणि व्यवस्थापक या नात्याने तेथील दाखल्यांवर माझी सही लागते. एका सोमवारी मुख्याध्यापिका सिस्टर एक दाखला घेऊन आल्या. मुलगा वर्गात दोन मिनिटेही एका जागी बसत नाही, इतरांचे डबे उघडतो, रांग मोडतो, ढकलाढकली करतो, दोनदा फाटक ओलांडून रस्त्यावर पळाला. इतर पालकांच्या तक्रारी आहेत. तेव्हा त्याला दुसऱ्या शाळेत घालावे असे पालकांना सुचवले आहे, वगैरे. मी पेन उघडले. नाव वाचले. घंटी वाजवणारा मुलगा तो हाच.

आज मागे वळून पाहताना वाटते, त्या दिवशी सही करणे किती सोपे होते! नियम माझ्या बाजूने होता, तक्रारी लेखी होत्या, आणि मुलाला शाळेबाहेर काढल्याचा ठपका कोणावरही आला नसता. परंतु चार वर्षांच्या मुलाच्या हाती दाखला द्यायचा आणि त्याच्या घरचा उंबरठाही आपण पाहिलेला नसावा, याची लाज वाटली. "सिस्टर, मला आठ दिवस द्या," असे म्हणून मी पेन बंद केले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. केळीच्या वाडीतून जाणारी पायवाट, बाजूला पावसाने तुडुंब भरलेले बावखल, आणि पुढे जुने कौलारू घर. वडील कुवेतमध्ये नोकरीला. घरात आई, आजी-आजोबा आणि हा मुलगा. मी ओटीवर बसलो तेवढ्यात तो खांबाला धरून गरागरा फिरला, माझी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि अंगणात पळाला. बावखलाच्या बाजूने बांबूचे नवे कुंपण घातलेले दिसले. मी विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, "दोनदा पाण्यात जाता जाता वाचला, फादर. याचा बाप लहानपणी असाच होता, पण इतका नाही."

आजीचे मत निराळे होते. कोणाची तरी दृष्ट लागली असावी; नवस बोलून झाला होता, मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. शेजारणींच्या मते आईनेच लाडाने बिघडवला होता. आई मात्र काही बोलत नव्हती. मुलगा धावत आत आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर मला लाल वळ दिसले. मी त्याकडे पाहतो आहे हे तिने पाहिले आणि खाली मान घालून म्हणाली, "फादर, आधी मी कधी हात उचलला नव्हता. त्या रविवारी तुम्ही बोललात ना, तेव्हापासून पेरूची फोक आणून ठेवली आहे."

वाचकहो, धर्मगुरूच्या आयुष्यात कानावर पडलेली कित्येक पापनिवेदने तो मनाआड करतो. हे वाक्य मला मनाआड करता आलेले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दीक्षाविधीनंतरच्या पहिल्या वर्षांत माझी नेमणूक मुलांच्या एका बोर्डिंगवर झाली होती. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, प्रवचनशास्त्र शिकलो. पण अकरा वर्षांचा मुलगा अभ्यासाच्या तासाला पाचव्यांदा बाकावरून का उठतो, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. तसा एक मुलगा माझ्याकडे होता. पुस्तक उघडे, डोळे खिडकीबाहेर; कंपास हरवलेला, वही अर्धी कोरी; कोणी काही विचारायच्या आत उत्तर देणारा. मी त्याला आळशी म्हटले, उद्धट म्हटले, आणि छडीही वापरली. सातवीत नापास झाल्यावर तो एका रात्री बोर्डिंग सोडून निघून गेला, तो पुन्हा शाळेत आलाच नाही. चार वर्षांच्या मुलाच्या पायांवरचे वळ पाहिले आणि वीसएक वर्षांपूर्वीचा तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मी त्या माय-लेकरांबरोबर मुंबईला एका बालविकासतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एका भेटीत काम झाले नाही. त्यांनी आईशी तासभर बोलून घेतले, बालवर्गाच्या शिक्षिकेकडून प्रश्नावली भरून मागवली, मुलाची श्रवणचाचणी करवली, नजर तपासली. तो झोपेत घोरतो का, बोलायला उशिरा लागला का, अशी बारीक चौकशी केली. मला या साऱ्याचे नवल वाटले. त्या म्हणाल्या, "ऐकू कमी येणारे मूल हाक मारल्यावर लक्ष देत नाही. टॉन्सिल-ॲडिनॉइड वाढल्याने नीट झोप न होणारे मूल दिवसा चिडचिडे आणि चळवळे होते. घरातील कलहानेही मूल सैरभैर होते. आधी हे सारे बाजूला सारावे लागते." सगळे पाहून झाल्यावर त्यांनी निदान सांगितले: एडीएचडी, म्हणजेच अवधानन्यूनता आणि अतिचंचलता.

चार वर्षांचे कोणते मूल चंचल नसते, असे वाचक विचारतील. मीही विचारले. त्यांचे उत्तर असे होते की प्रश्न चंचलपणाचा नसून त्याच्या प्रमाणाचा आहे. त्याच वयाच्या इतर मुलांच्या मानाने तो फार अधिक असला पाहिजे, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असला पाहिजे, केवळ घरी किंवा केवळ शाळेत नव्हे तर किमान दोन ठिकाणी दिसला पाहिजे, आणि त्यापायी मुलाचे शिकणे, खेळणे, मैत्री किंवा सुरक्षितता यांची हानी होत असली पाहिजे. म्हणूनच चार वर्षांखालील मुलावर असा शिक्का मारताना जाणते डॉक्टर फार सावध असतात. सायकल चांगली आहे, पायडलला जोरही आहे, पण ब्रेक सैल आहे, असे या मुलांचे असते. मनात आले की हात पुढे गेलाच. मध्ये थांबून विचार करण्याची जी यंत्रणा मेंदूत हळूहळू घडते, ती या मुलांत उशिरा आणि अपुरी घडते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आजोबा ओटीवर बसून जे बोलले होते ते शास्त्राला धरून होते.

ही गोष्ट नवीनही नाही. जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. त्यांनी त्याला नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले होते. 'नैतिक' हा शब्द आज कोणी वापरत नाही, पण आपल्या मनातून तो गेलेला नाही. अशा मुलाकडे पाहून आपण अजूनही आधी त्याच्या चारित्र्याविषयी आणि मग त्याच्या आईच्या संस्कारांविषयी निवाडा देऊन मोकळे होतो.

"मग गोळी कोणती?" आईने विचारले. डॉक्टरीणबाई हसल्या. "आज गोळी नाही. आज शिकवणी आहे, आणि ती तुमची आहे." आईचा चेहरा पडला. "म्हणजे चूक माझीच ना?" तिने हळूच विचारले. "मुळीच नाही," बाई म्हणाल्या, "डोंगरातल्या वाटेवर गाडी चालवायला अधिक चांगला चालक लागतो. याचा अर्थ वाट चालकाने बिघडवली असा होत नाही."

गोळी आज का नको, हे मी पुढे मिळेल ते वाचून समजून घेतले. शाळकरी वयाच्या मुलांना या विकारावरील औषधांचा चांगला उपयोग होतो आणि त्यांना विष समजण्याचे कारण नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांना उत्तेजक औषधाने अशी मुले शांत होतात असे प्रथम आढळले, आणि तेव्हापासून त्या औषधांचा अभ्यास चालू आहे. परंतु साडेपाच वर्षांखालील मुलांवरील एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की या वयात मेथिलफेनिडेटचा गुण येतो, पण मोठ्या मुलांइतका येत नाही. उलट चिडचिड, भूक मंदावणे, झोप उडणे आणि वाढ काहीशी खुंटणे हे त्रास अधिक होतात. त्या अभ्यासातही औषध सुरू करण्यापूर्वी पालकांना दहा आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेले होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, असे मार्गदर्शन केले की चार वर्षे पूर्ण झालेल्या आणि सहाव्या वाढदिवसापर्यंतच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे प्रशिक्षण आणि वर्गातील वर्तनोपचार. त्याने पुरेसा गुण आला नाही आणि त्रास मध्यम किंवा तीव्र असला, तरच औषधाचा विचार. इंग्लंडमधील २०१८ च्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांखालील मुलाला आणखी एका विशेष तज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून औषध देऊ नये.

या शिकवणीची पाळेमुळे अमेरिकेत १९६० च्या दशकात कॉन्स्टन्स हॅन्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामात सापडतात. त्यांनी पालकांना दोन टप्प्यांत शिकवले: आधी नाते, मग शिस्त. पुढच्या दशकात शीला आयबर्ग यांनी त्यावरून एक पद्धत बसवली. तीत आई-मूल एका खोलीत खेळतात, प्रशिक्षक एकतर्फी काचेमागून पाहतो आणि आईच्या कानातील छोट्या यंत्रातून तिला त्या क्षणी काय बोलावे ते सुचवतो. आमच्या माउलीला असे यंत्र मिळाले नाही. पण दर शनिवारी लोकलने जाऊन, इतर पाच-सहा पालकांबरोबर बसून, ती हाच धडा शिकली. पहिल्या चार शनिवारी तिच्या सोबतीला मी होतो. माझ्या शाळेच्या बालवर्गासाठी शिकायला जातो, असे मी सिस्टरांना सांगितले. खरे कारण वाचकांना कळलेच असेल.

पहिला पाठ ऐकून मी मनात हसलो होतो. रोज पाच मिनिटे मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळायचे. खेळ त्याने निवडायचा. त्या पाच मिनिटांत आज्ञा नाही, प्रश्न नाही, टीका नाही. तो जे करतो त्याचे रेडिओवरील समालोचकासारखे वर्णन करायचे: "लाल ठोकळ्यावर तू निळा ठेवलास." चांगले दिसले की लगेच आणि नेमके कौतुक करायचे. "शहाणा बाळ" असे मोघम नव्हे, तर "गाडी हळू ठेवलीस, मला आवडले" असे. सोपे वाटते ना? मी बालवर्गात बसून तीन मुलांबरोबर हे करून पाहिले. पहिल्या पाच मिनिटांत मी अकरा प्रश्न विचारले आणि सात वेळा "असे नाही, असे" म्हणालो. आयुष्यभर उपदेश करणाऱ्या माणसाला उपदेशाविना पाच मिनिटे काढणे किती अवघड असते ते मला त्या दिवशी उमगले.

यामागील तर्क साधा आहे. अशा मुलाला दिवसभरात शंभर वेळा 'नको', 'थांब', 'बस' ऐकावे लागते. मोठ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते ते केवळ त्याने काही मोडले की. लक्ष हे मुलाचे अन्न आहे. ते रागाच्या ताटात वाढले तरी भुकेले मूल ते खाणारच. म्हणून चांगल्या वर्तनाला भरपूर लक्ष द्यायचे आणि हट्ट, कुरकुर, वेडेवाकडे आवाज यांसारख्या निरुपद्रवी गोष्टींकडे पाठ फिरवायची. येथे एक धोक्याची सूचना त्यांनी आधीच दिली होती: दुर्लक्ष करू लागताच हट्ट आधी वाढतो. तिसऱ्या आठवड्यात अगदी तसेच झाले. आजी म्हणाल्या, "हे मुंबईचे औषध उलटले." त्या वेळी डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवून आई ठाम राहिली नसती, तर सारे तेथेच संपले असते.

शिस्तीचा टप्पा त्यानंतर आला. आज्ञा दुरून ओरडून द्यायची नाही. जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन, एका वेळी एकच, आणि काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगायचे. "पळू नकोस" ऐवजी "माझा हात धर." मग मनातल्या मनात पाच अंक मोजून थांबायचे. ऐकले तर तत्काळ शाबासकी. नाही ऐकले तर एकदाच इशारा, आणि मग तीन-चार मिनिटे खेळापासून दूर एका खुर्चीवर बसवणे. ओरडा नाही, व्याख्यान नाही, फोक तर नाहीच. मुलाने कोणाला मारले, काही फेकले, तर इशाऱ्याचीही वाट पाहायची नाही. आणि बक्षीस लहान पण लगेचचे. "नाताळात सायकल घेईन" हे आमिष चार वर्षांच्या या मुलाच्या कामाचे नसते. आजोबांनी एक काचेची बरणी आणि मूठभर चिंचोके आणले. दात घासले की एक चिंचोका, जेवताना पाटावर बसला की एक. पाच चिंचोके झाले की आजोबांबरोबर विहिरीच्या पंपाची कळ दाबायला जायचे. या पंपाच्या कळीने जे काम केले ते कोणत्याही महागड्या खेळण्याने झाले नसते.

दिवसाचा क्रमही बांधला गेला. उठणे, आंघोळ, नाश्ता, दप्तर, शाळा यांची चित्रे आईने कागदावर काढून भिंतीवर लावली. खेळ थांबवायच्या आधी पाच मिनिटे सूचना द्यायची. रात्री ठरलेल्या वेळी झोप, संध्याकाळी वाडीत तासभर मनसोक्त धावणे, आणि हाती दिलेला मोबाइल काढून घेणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जे प्रमाण सांगितले आहे ते सर्वच पालकांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे: दिवसाला तीन तास हालचाल, दहा ते तेरा तास झोप आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नाही. साखरेविषयीचा समज मात्र खरा नाही. १९९५ मध्ये २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असे आढळले नाही. म्हणून नाताळातल्या गोडाधोडावर खापर फोडण्यात अर्थ नाही. दातांची काळजी घ्यावी, एवढेच.

बालवर्गातील शिक्षिका प्रथम साशंक होत्या. "तीस मुलांत एकासाठी वेगळे नियम कसे लावू, फादर?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही थोडेच बदलले. त्याला खिडकी-दारापासून दूर आणि बाईंजवळ बसवले. दर दहा मिनिटांनी त्याला उठण्याचे हक्काचे काम दिले: खडू आण, फळा पूस, वह्या वाट. शिक्षिका दिवसाअखेर एका चिठ्ठीवर दोन गोष्टींपुढे हसरा चेहरा काढत, आणि त्या चेहऱ्यांचे घरी चिंचोके होत. एक मात्र खरे, की फळा पुसण्याचे काम पुढे इतर पाच-सहा मुलांनाही द्यावे लागले, आणि त्यांचाही वर्ग सुखाचा झाला.

या उपचाराचे मी अवास्तव गुणगान करणार नाही. पी हळद आणि हो गोरी, असे येथे काही होत नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे २००१ मध्ये ७८ तीन वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. प्रशिक्षित व्यक्तीने आठ आठवडे घरी जाऊन पालकांना शिकवले, तेव्हा मुलांची लक्षणे उतरली आणि मातांचेही मन हलके झाले. नुसत्या धीराच्या गोष्टी ऐकलेल्या गटात तेवढा फरक पडला नाही. पण त्याच संशोधकांनी २००४ मध्ये हेच काम विशेष तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेविकांकडून रोजच्या कामाच्या ओघात करवून पाहिले, तेव्हा गुण दिसला नाही. तेव्हा वाचीव माहितीवर घरच्या घरी वैद्यकी करू नये, जाणत्याकडूनच शिकावे. आणखी एक सत्य सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. उपचार कोणाला मिळाला हे ज्यांना ठाऊक नाही अशा तटस्थ निरीक्षकांच्या नजरेने पाहिले तेव्हा मूळ चंचलतेत फारसा फरक सिद्ध झाला नाही. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात असे दिसले की पालकांचे वागणे सुधारते आणि मुलाचा आडमुठेपणा, भांडणे कमी होतात. म्हणजे ब्रेक एकाएकी घट्ट होत नाही. पण रस्ता सुरक्षित होतो आणि गाडीतले लोक एकमेकांवर ओरडेनासे होतात. ज्या घरात पेरूची फोक आली होती त्या घरासाठी ही लहान गोष्ट होती काय?

त्या वर्षी नाताळच्या आधीच्या एका रविवारी मी सूचनांच्या वेळी पुन्हा उभा राहिलो. पावसाळ्यात याच जागेवरून मी एका आईचा अपमान केला होता, तो माझा अपराध होता, असे सांगितले आणि क्षमा मागितली. तिचे नाव घेतले नाही. पण ती त्या दिवशी बाकावर होती. या वेळी सॅक्रिस्टीत अभिनंदनाला कोणी आले नाही. एक वयस्क गृहस्थ मात्र आले आणि डोळे पुसत म्हणाले, "माझा नातू असाच आहे, फादर. सून चर्चला येत नाही. आम्ही तिलाच बोल लावतो." पुढे त्या वर्षात अशी तीन कुटुंबे समोर आली. ती आधीही आमच्याच धर्मग्रामात होती. घंटीचा आवाज मला ऐकू आला नव्हता, इतकेच. अवधान त्या मुलाचे कमी होते खरे, पण माझे तरी कुठे पुरे पडले होते?

आता तो मुलगा मिस्सेच्या आधी पाच मिनिटे येतो आणि बाकांवर गीतपुस्तिका ठेवतो. प्रवचन सुरू झाले की आजोबा त्याला बाहेर आवारात एक फेरी मारून आणतात. त्याबद्दल कोणी वळून पाहत नाही. माझे प्रवचनही मी बारा मिनिटांवरून सातवर आणले आहे. त्याबद्दल सर्वांनीच त्या मुलाचे आभार मानायला हवेत. आजीला मी सांगितले आहे की आशीर्वाद मी रोज देईन, पण शनिवारची लोकल चुकवायची नाही. देवाने डॉक्टरांनाही हात दिले आहेत. वडिलांनी कुवेतहून फोनवर एकेक पाठ शिकून घेतला. दर रात्री पाच मिनिटे ते पडद्यावर मुलाच्या खेळाचे वर्णन करतात, आणि एकदा आपल्या पत्नीला म्हणाले, "माझ्या लहानपणी हे कोणाला माहीत असते तर!"

तो यंदा दुसरीत आहे. सगळे सुरळीत झाले असे नाही. वाचनात तो मागे पडतो, वह्या हरवतो, कधी मैदानात मारामारी करून येतो. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारपूर्वक अल्प मात्रेत औषध सुरू केले आहे, आणि आईने त्याला पराभव मानलेले नाही. शिकवणी चालूच आहे. पेरूची फोक केव्हाच चुलीत गेली.

राहता राहिला माझा बोर्डिंगचा मुलगा. तो आज टेम्पो चालवतो, दोन मुलांचा बाप आहे, आणि दरवर्षी नाताळात केळ्यांचा एक घड घेऊन मला भेटायला येतो. येतो तेव्हा पाया पडून लोकांसमोर म्हणतो, "फादरांनी मारले म्हणून मी माणूस झालो." इतकी वर्षे मी ते वाक्य हसून ऐकून घेत असे, खरे सांगायचे तर ते मला आवडतही असे. गेल्या नाताळात तो तसे म्हणाला तेव्हा मी त्याला हाताला धरून खोलीत नेले आणि म्हणालो, "नाही रे. माझ्या मारामुळे तुझी शाळा सुटली. माणूस तू तुझ्या कष्टाने झालास. मला क्षमा कर."

तो बराच वेळ गप्प बसला. टेबलावरच्या माझ्या पेनचे टोपण त्याने उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग म्हणाला, "फादर, माझा धाकटा माझ्यासारखाच आहे. काल मी त्याला पट्ट्याने मारले. ती मुंबईची बाई कुठे बसते?"

मी कागद घेतला आणि पत्ता लिहून दिला.